मांडवालगतची लाल गाडी

गणेशोत्सवात रात्री नऊच्या सुमाराला तळेगाव दाभाडे, वडगाव, कामशेत किंवा लोणावळ्यातल्या एखाद्या मोठ्या मंडळाच्या गल्लीत शिरा. मांडवात ‘खेळ पैठणीचा’ रंगलेला असतो, नाहीतर शाळेतल्या मुलींचा नाच चालू असतो. मांडवाच्या कडेला, जिथे रस्ता जरा रुंद होतो तिथे, लाल रंगाची एक गाडी उभी असते. पत्र्यावर पिवळा ड्रॅगन, वर ट्यूबलाइट, आत भट्टीची घरघर आणि कढईवर कलथ्याचा खणखणाट. कार्यक्रम संपला की पहिली गर्दी होते ती तिथे. लहान मुलांना चायनीज भेळ हवी असते. कॉलेजची पोरं एका हाफ शेजवान राइसमध्ये दोन चमचे मागून घेतात. पैठणीच्या खेळात हरलेल्या आणि जिंकलेल्या बायका एकाच बाकड्यावर बसून मंच्युरियन खातात आणि घरच्यांसाठी पार्सल बांधून नेतात.

मावळातल्या उत्सवाचं हे आजचं खरं रूप आहे. गावच्या जत्रेत रेवडी, भजी आणि जिलबीच्या पालांशेजारी ही गाडी येऊन उभी राहिली, त्याला आता दोन पिढ्या होत आल्या. तरीही मंडळाच्या मनात तिची जागा पक्की झालेली नाही. कार्यक्रमपत्रिकेवर सराफ, बांधकाम व्यावसायिक आणि पतसंस्था यांची नावं ठळक छापली जातात. गाडीवाल्याची वर्गणी मात्र सगळ्यांत आधी वसूल होते, कारण त्याचं उभं राहणं मंडळाच्या मर्जीवर असतं. रस्त्यात कागदी प्लेटा पडल्या, वाहतूक अडली, कुणाचं पोट बिघडलं, की पहिलं बोट त्याच्याकडे जातं.

या लेखात मला त्याची बाजू घ्यायची आहे. उत्सवात लोकांना खाऊ घालणारा हा माणूस मंडळाने आपल्यातला मानावा. त्याला ठरलेली जागा, पाणी आणि धड वीज द्यावी, त्याच्याकडून घेतलेल्या पैशाची पावती द्यावी. आणि आपला मानल्यामुळेच त्याच्या तेलाचा, रंगाचा, भाताचा हिशेबही मागावा. दोन्ही गोष्टी एकत्रच व्हायला हव्यात, असं मला वाटतं.

गाडी रात्री दिसते, पण तिचं काम सकाळच्या बाजारापासून सुरू होतं. कोबी, गाजर, सिमला मिरची, फरसबी, कांद्याची पात. दुपारी हे सगळं बारीक चिरायचं. गाडीवर सर्वांत जास्त वेळ खाणारं काम हेच, आणि ते बहुतेक वेळा घरातल्या बायका करतात. नूडल्स उकडून, गार पाण्यातून काढून, तेलाचा हात लावून ठेवायच्या. सुक्या लाल मिरच्या भिजवून, वाटून, भरपूर लसणाबरोबर तेल सुटेपर्यंत परतल्या की शेजवान चटणी तयार. त्या गाडीची चव म्हणून लोक जी ओळखतात ती हीच. किसलेल्या कोबीत कॉर्नफ्लोअर आणि मैदा घालून मंच्युरियनचे गोळे एकदा तळून घ्यायचे. मग सातनंतर भट्टी पेटते आणि पुढच्या चार तासांत दिवसभराची मेहनत कढईतून पार पडते.

भाताची गोष्ट जरा वेगळी सांगायला हवी, कारण मावळ हा भाताचा मुलूख आहे. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रात विकसित झालेला आणि १९८७ साली प्रसारित झालेला इंद्रायणी इथल्या शेतकऱ्याचा अभिमान. आंबेमोहोराचं रक्त त्याच्यात आहे. वास येतो, भात मऊ होतो, शितं एकमेकांना चिकटतात. वरणाबरोबर त्याला तोड नाही. पण फ्राइड राइसला शीत न् शीत मोकळं लागतं, आणि इंद्रायणी कढईत टाकला की त्याचा गोळा होतो. म्हणून दोन्ही बाजूंना भातखाचरं असलेल्या रस्त्यावर उभा असलेला हा गाडीवाला वाण्याकडून सेला किंवा तसाच मोकळा होणारा तांदूळ आणतो. कणी जरा कच्ची असतानाच उतरवतो, पाणी निथळवतो आणि परातीत पसरून गार करतो. हे कौशल्याचं काम आहे. सोया सॉस घातला की झालं चायनीज, असं समजणाऱ्याने एकदा घरी करून पाहावं.

त्याचं वर्ष पंचांगावर चालतं. श्रावण लागला की चिकन लॉलीपॉप बंद. श्रावणानंतर गणपती, मग पितृपक्ष, मग नवरात्र. दसऱ्यापर्यंत सामिष गिऱ्हाईक जवळजवळ तुटतं. मांडवाजवळ उभं राहायचं तर मंडळाची पहिली अटच असते ती निव्वळ शाकाहाराची. लोणावळ्यात पावसाळी पर्यटकांमुळे शनिवार-रविवार तरी तगतात. वडगाव-कामशेतकडच्या गाडीला तोही आधार नाही. त्यामुळे गणपतीचे दहा दिवस, नवरात्रीचे नऊ, चैत्रातली वडगावच्या पोटोबा महाराजांची आणि कार्ल्याच्या एकवीरा आईची यात्रा, हे त्याचे कमाईचे दिवस. त्यातल्या एका रात्री पाऊस झोडपून गेला किंवा कुणी गाडी हलवायला लावली, तर चिरलेला कोबी, उकडलेल्या नूडल्स आणि भात सगळं फेकावं लागतं. हातावर पोट असणं म्हणजे काय, ते अशा रात्री कळतं.

हे खाणं आलं कुठून, हेही नीट सांगायला हवं, कारण त्याच्या नावावरून गाडीवाल्याला बोल लागतात. कोलकात्यात वसलेल्या हाक्का चिनी कुटुंबांनी आपल्या स्वयंपाकाला बंगालची मिरची-कांद्याची सवय लावली. त्या शहरात जन्मलेल्या नेल्सन वाँग यांनी १९७५ साली मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात आलं, लसूण आणि हिरवी मिरची परतून, गरम मसाल्याऐवजी सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर घातलं आणि चिकन मंच्युरियन जन्माला आलं. चीनमध्ये असा पदार्थ नव्हता. कोंबडीच्या जागी फ्लॉवर आला, कोबीचे गोळे आले, आणि क्लबातला पदार्थ रस्त्यावर उतरला. तळलेल्या नूडल्सवर कच्चा कोबी-कांदा आणि शेजवान चटणी घालून केलेली चायनीज भेळ तर मुंबईच्या रस्त्यानेच घडवली. आपल्या डोंगरांचा आणि चिनी हातांचा संबंध याहून जुना आहे. एकोणिसाव्या शतकात, साधारण १८३४ पासून १८६४ पर्यंत, महाबळेश्वरला इंग्रजांनी चिनी आणि मलय कैदी ठेवले होते. तिथली भाजीपाल्याची लागवड त्यांनी सुधारली, बटाट्याची शेती वाढवली. तिथल्या ‘चायनामन’ धबधब्याच्या नावात ती आठवण उरली आहे.

जून २०२० मध्ये गलवानच्या चकमकीनंतर केंद्रीय मंत्री रामदास आठवले यांनी चायनीज पदार्थ विकणाऱ्या रेस्टॉरंटांवर बंदी घालावी, लोकांनी ते खाणं सोडावं, असं आवाहन केलं. सीमेवर जवान गेले होते आणि लोकांचा संताप खरा होता. पण त्या संतापाची झळ ज्याला लागणार होती त्याच्या गाडीवरचा कोबी आपल्याच शेतातला, मिरची ब्याडगीची, मैदा आपल्या गिरणीतला आणि कलथा हातात धरणारा पोरगा एक तर इथल्याच वाडीतला किंवा नेपाळ, दार्जिलिंगकडून पोटासाठी आलेला. टाळेबंदीत महिनोन्‌महिने भट्टी न पेटलेल्या त्या माणसाचा शत्रूराष्ट्राशी काहीही संबंध नव्हता. १९६२च्या युद्धानंतर या देशाने हजारो भारतीय चिनी माणसांना, बायकामुलांसकट, राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत डांबलं होतं. नावावरून माणूस ओळखण्याची किंमत आपण एकदा मोजली आहे. ती पुन्हा मोजायला नको.

नावावरून होणारा विरोध चार दिवसांत ओसरतो. स्वच्छतेवरून होणारा विरोध मात्र टिकतो, आणि त्यात तथ्यही असतं. त्याचं सर्वांत ठळक उदाहरण शेजारच्या गोव्यात घडलं. २०२२ मध्ये वास्कोच्या श्री दामोदराच्या सप्ताहात गोबी मंच्युरियनच्या स्टॉलांना आवर घाला, असे निर्देश गोव्याच्या अन्न व औषध प्रशासनाने मुरगाव नगरपालिकेला दिले. २०२४ च्या आरंभी म्हापसा नगरपालिकेने बोडगेश्वराच्या जत्रेच्या निमित्ताने पुढचं पाऊल टाकलं आणि शहरात या पदार्थावर बंदीच घातली. कारणं सांगितली गेली ती कृत्रिम रंगांची, हलक्या प्रतीच्या सॉसची आणि अस्वच्छ जागेची. त्याच वर्षी मार्चमध्ये कर्नाटक सरकारने गोबी मंच्युरियनमध्ये कृत्रिम रंग वापरायला मनाई केली. तिथे तपासलेल्या १७१ नमुन्यांपैकी १०७ नमुन्यांत असुरक्षित रंग सापडले होते.

हा आकडा गंभीर आहे आणि तो झाकायचं काही कारण नाही. पण त्यात ६४ नमुने असेही होते ज्यांत तसे रंग आढळले नाहीत. कर्नाटकाने रंग बंद केला, पदार्थ चालू ठेवला. त्यामुळे असे रंग न वापरणाऱ्यांची रोजी राहिली. म्हापशाने पदार्थच बंद केला; तिथे सुक्याबरोबर ओलंही जळालं. मला कर्नाटकाचा मार्ग न्यायाचा वाटतो.

मोठ्यांच्या बाबतीत आपण कसे वागलो, ते आठवून पाहा. जून २०१५ मध्ये महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने मॅगीची विक्री थांबवली. कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली, ऑगस्टमध्ये बंदी रद्द झाली, न्यायालयाने तीन प्रयोगशाळांतून फेरतपासणी करायला सांगितली आणि नोव्हेंबरात मॅगी पुन्हा दुकानात आली. लोणावळ्याच्याच एका नामांकित चिक्की-उत्पादकाला २०१८ च्या डिसेंबरात तपासणीच्या नियमांची पूर्तता होईपर्यंत उत्पादन थांबवायला सांगितलं गेलं. म्हणून कुणी लोणावळ्यात चिक्कीवर बंदी घातली नाही. चूक दाखवली, दुरुस्तीची संधी दिली. ही चिक्कीसुद्धा मुळात बोरघाटात लोहमार्ग घालणाऱ्या मजुरांना विकलेल्या गूळदाण्याच्या तुकड्यातून मोठी झाली, असं सांगतात. गाडीवाल्याकडे वकील नसतो, प्रयोगशाळेचा अहवाल नसतो. दुरुस्तीची संधी त्याला कुणीतरी मिळवून द्यावी लागते, आणि उत्सवाच्या दिवसांत हे काम मंडळाहून चांगलं कुणी करू शकत नाही.

यासाठी मंडळाला फार शास्त्र शिकावं लागणार नाही. चार ठिकाणी नजर ठेवली तरी बहुतेक धोका टळतो. पहिला रंग. मंच्युरियनला भडक लाल करणाऱ्या पुडीची गरज नाही. चांगली सुकी मिरची आणि सोया सॉस जो तपकिरी-लाल रंग देतात तो पुरेसा आहे. लोकांनाच भडक रंगाची सवय लागलेली असते, त्यामुळे ‘आमच्या मांडवाजवळ बिनरंगाचं चायनीज’ असा फलक मंडळानेच लावला तर गाडीवाल्यावरचं दडपण उतरेल. दुसरं तेल. पुनःपुन्हा तापवलेल्या तेलासाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाने मर्यादा घातली आहे. त्यातले ध्रुवीय घटक २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरायचं नाही. हे मोजायचं यंत्र गाडीवर नसतं, पण काळं पडलेलं, फेस येणारं, धुरकटणारं तेल कुणालाही ओळखता येतं.

तिसरा भात, आणि इथे आपल्याकडे सर्वांत कमी बोललं जातं. शिजवलेल्या तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूची बीजं जिवंत राहतात. भात मोठ्या पातेल्यात झाकून, कोमट अवस्थेत तासन्‌तास ठेवला तर ती वाढतात आणि विष तयार करतात. ते विष नंतर कढईत कितीही परतलं तरी नष्ट होत नाही. म्हणून भात पसरून लवकर गार करणं, थंड ठिकाणी ठेवणं आणि उरलेला दुसऱ्या दिवशी न वापरणं हे रंगाइतकंच महत्त्वाचं आहे. ज्या मंडळाच्या मांडवाशेजारी एखाद्या घरात किंवा दुकानात फ्रीज आहे, त्याने त्यातला एक कप्पा गाडीवाल्याला दिला तरी मोठं काम होईल. चौथं पाणी. प्लेटा एकाच बादलीत बुचकळण्यामागे आळस कमी आणि नळ नसणं जास्त असतं. मंडळ आपल्यासाठी टँकर बोलावतं, महावितरणकडून तात्पुरती वीजजोडणी घेतं. त्याच वेळी गाडीसाठी एक नळ, एक कचऱ्याचा डबा आणि नीट गुंडाळलेली वायर देता येते.

आगीची काळजी वेगळी. ही भट्टी उच्च दाबाची असते. मांडव म्हणजे कापड, थर्माकोल आणि कागद. गाडी मांडवापासून पुरेशी दूर हवी, शेजारी वाळूची बादली आणि अग्निशामक हवं, रबरी नळी तडकलेली नको. धंद्यासाठी घरगुती सिलिंडर वापरणं बेकायदा आहे, व्यावसायिक सिलिंडरच लागतो. तो महाग पडतो म्हणून चोरून घरचा आणला जातो. मंडळाने याकडे दुर्लक्ष करू नये, कारण इथे प्रश्न गर्दीतल्या मुलांच्या जिवाचा आहे.

आता कायद्याकडे वळू, कारण मावळात तो पावलापावलावर बदलतो. २०१४ चा पथविक्रेता कायदा चांगला आहे. विक्रेत्यांचं सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत कुणालाही हटवायचं नाही, असं तो सांगतो. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावे लागतात, त्यांत एक तृतीयांश बायका. जप्त केलेला नाशवंत माल मागणी केल्याच्या दिवशीच परत द्यायचा. पण हा कायदा नागरी भागाचा. लोणावळा आणि तळेगावच्या नगरपरिषदा, वडगावची नगरपंचायत, देहूरोडचं कटक मंडळ यांच्या हद्दीत तो लागू होतो. कार्ल्याच्या पायथ्याशी, जिथे एकवीरेच्या यात्रेला कोळी-आगरी भाविकांची रीघ लागते, तिथे ग्रामपंचायत आहे आणि हा कायदा नाही. कामशेतलाही तेच.

याहून बिकट अवस्था रेल्वेच्या जमिनीवरच्या विक्रेत्याची. रेल्वेच्या मालकीच्या जागांना हा कायदा लागू होत नाही, असं त्यातच लिहिलेलं आहे. आणि लोणावळ्यातलं सर्वांत गर्दीचं ठिकाण, भुशी धरण, रेल्वेचंच. वाफेच्या इंजिनांना पाणी पुरवण्यासाठी ते बांधलेलं. ३० जून २०२४ ला धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्या दुर्घटनेने सगळा तालुका हादरला. त्यानंतरच्या जुलैत धरण परिसरातल्या रेल्वे आणि वनविभागाच्या जागांवरच्या टपऱ्या हटवण्यात आल्या. गर्दीचं नियमन हवंच होतं, याबद्दल दुमत नसावं. पण ज्या माणसाचा पावसाळा तिथे उभा होता त्याला पर्यायी जागा मागण्याचा कायदेशीर आधारच नव्हता. त्याच शहरात, नगरपरिषदेच्या रस्त्यावर उभ्या असलेल्या त्याच्यासारख्याच दुसऱ्या माणसाला तो आधार आहे.

पैशाचीही अशीच वाटणी झाली आहे. टाळेबंदीत सुरू झालेल्या पीएम स्वनिधी योजनेत पथविक्रेत्याला विनातारण कर्ज मिळतं. २०२५ च्या सुधारणेनंतर पहिला हप्ता १५ हजारांचा, फेडला की २५ हजारांचा, मग ५० हजारांचा. नवी भट्टी, स्टीलचा कट्टा, बर्फाची पेटी एवढ्यात बसते. पण त्यासाठी स्थानिक संस्थेचं ओळखपत्र किंवा शिफारसपत्र लागतं, आणि अर्ज कुठे करायचा हे पुष्कळांना ठाऊक नसतं. अन्नसुरक्षेच्या नोंदणीचंही तेच. २०११ च्या नियमांत छोट्या विक्रेत्यासाठी वर्षाला अवघं १०० रुपये शुल्क ठरवलं होतं, तरी अर्ज भरून देणारा कुणी हवा असतो. मंडळात बी.कॉम. झालेली, ऑनलाइन अर्ज सफाईने भरणारी पोरं असतात. त्यांनी उत्सवाच्या महिनाभर आधी एक संध्याकाळ या कामाला दिली, तर देखाव्यावरच्या खर्चाइतकंच पुण्य लागेल.

वर्गणीबद्दलही स्पष्ट बोलायला हवं. तात्पुरत्या उत्सवासाठी लोकांकडून पैसे गोळा करायला सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क खाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. वर्गणी स्वेच्छेची असते. जागेच्या धाकाने, पावतीशिवाय घेतलेल्या पैशाला वर्गणी म्हणता येणार नाही. काही मंडळं गाडीवाल्याकडून एक ठराविक रक्कम घेतात, पावती देतात आणि त्या बदल्यात साफसफाई व वीज सांभाळतात. हा व्यवहार सरळ आहे आणि दोघांच्या फायद्याचा आहे.

तळेगावने असा विचार फार पूर्वी केलेला आहे. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करून स्वदेशी उद्योगाला भांडवल द्यायची कल्पना मांडली, लोकमान्यांनी ती उचलून धरली आणि १९०८ साली तळेगावात पैसा फंडाचा काचकारखाना उभा राहिला. लोकांच्या किरकोळ देणगीतून कारागीर शिकले आणि त्यांनी देशात ठिकठिकाणी काचेचा धंदा नेला. सार्वजनिक गणेशोत्सवाला बळ देणारे टिळक आणि पैसा फंडाला बळ देणारे टिळक एकच होते. २०२५ मध्ये गणेशोत्सवाला महाराष्ट्राचा राज्य उत्सव जाहीर केलं गेलं; त्या उत्सवात आपल्या गल्लीतल्या कष्टकऱ्याचा धंदा उभा करणं हे त्याच्या मूळ हेतूला धरूनच आहे.

मावळातल्या ग्रामपंचायतींपुरतं एक काम यंदाच करता येण्यासारखं आहे. पथविक्रेता कायदा तिथे पोचत नसला तरी गावच्या बाजाराची आणि जत्रेची व्यवस्था ग्रामपंचायतीच्याच हातात असते. २६ जानेवारीची ग्रामसभा एकवीरेच्या यात्रेआधी येते आणि १५ ऑगस्टची गणपतीआधी. त्या दोन सभांत जत्रेतल्या खाद्यविक्रेत्यांची यादी, प्रत्येकाची जागा, घ्यायची रक्कम आणि पाण्याचा नळ कुठे असेल ते ठरवून ठराव लिहिता येतो. गाडीवाल्याने आणि त्याच्या घरच्या बायकांनी त्या सभेला यावं, आणि मंडळाच्या कार्यकर्त्यांनी त्यांना बरोबर घेऊन जावं. विषयपत्रिका सभेच्या आधी लागते, म्हणून ऑगस्टच्या सभेसाठी अर्ज जुलैतच द्यायला हवा.